केळीच्या खांबांचा तराफा

मेहरूणच्या तळ्यावरची ती केस इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जत्रेतल्या दंगली पाहिल्या. पण कोणी घरी आलं आणि म्हणालं, 'साहेब, एखादी केस सांगा,' की तोंडात हीच येते. हिच्यात ना दरोडेखोर होता ना पिस्तूल. दोन जावई होते, एक सालदार होता आणि केळीच्या खांबांचा तराफा होता. नावं सांगणार नाही. त्या घरातली नातवंडं आज चांगली मार्गी लागली आहेत, त्यांच्या सोयरिकीत मला खोडा घालायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी फौजदार म्हणून नगरकडून बदलून जळगावला आलो होतो. आमच्याकडे ज्वारी आणि बाभळी. केळीबद्दल मला एवढंच ठाऊक की ती सोलून खातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पावसाळ्यात मेहरूणचं तळं भरलं की अर्धं जळगाव तिकडे लोटायचं. कोणी पोहायला, कोणी गळ टाकून बसायला, कोणी नुसताच चिवड्याचा पुडा घेऊन काठावर पाय सोडायला. हवा अशी दमट की सदरा अंगाला चिकटून बसायचा. तळ्याच्या वरच्या अंगाला सगळी दलदल. पाणकणसं माणसाच्या डोक्यावर गेलेली, लव्हाळ्यात बदकं, आणि खाली गाळ असा की म्हैस रुतली तर चार माणसं लागायची. पोहणारे त्या बाजूला जात नसत. जायचे ते तराफेवाले.

तराफा ही तिथली खास चैन. केळीचा घड उतरला की खांब तोडून टाकतात. ते खांब पाण्यावर मस्त तरंगतात. चार-पाच खांब शेजारी शेजारी ठेवायचे, आरपार बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, कडेला दोर आवळायचा, झाली होडी तयार. हातात एक लांब काठी घ्यायची आणि पाणकणसांमधून हिंडायचं. बायकासुद्धा बसायच्या. हसण्याखिदळण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा.

तळ्यालगत एका मोठ्या बागायतदाराची केळी होती. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना दोन मुलीच. थोरली धरणगावकडे कापूसवाल्या घरात दिलेली, धाकटी रावेरकडे केळीवाल्यांच्यात. त्या वर्षी अधिक महिना पावसाळ्यात आला होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. दोघांना बोलावणं गेलं. मांडे झाले, अनारसे झाले, दोघांना सारखीच नवी धोतरं आणि फेटे दिले. दुसऱ्या दिवशी सगळं घर तळ्यावर तराफ्यात बसायला जाणार, असा बेत ठरला. आबांच्या सालदारानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यानं, संध्याकाळीच तराफा बांधून काठाला लावून ठेवला.

सकाळी मंडळी तळ्यावर गेली. धाकटे जावई तराफा चालवण्यात पटाईत. त्यांनी आधी आपल्या बायकोला फिरवून आणलं, मग सासूबाईंना. तिसऱ्या खेपेला थोरली मुलगी बसली. नात्यानं ती त्यांची वडील मेहुणी, ते तिला अक्का म्हणत. तराफा पाणकणसांपर्यंत गेला आणि एकदम फाकला. खांब चारी दिशांना. अक्कांना पोहता येत नव्हतं. धाकट्यांनी त्यांना एका खांबावर कसंबसं ढकललं, पण स्वतः गाळात छातीपर्यंत रुतले. धडपडावं तसे खाली जात होते. काठावरून उडी मारली ती सालदारानं. त्यानं आधी अक्कांना ओढून आणलं, मग पुन्हा जाऊन धाकट्यांना बाहेर काढलं. तोवर त्यांच्या पोटात निम्मं तळं गेलं होतं. दोघांना दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दोघंही बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, बाईंचं सांगता येईल, पाहुण्यांचं सांगता येत नाही.

पोलीस पाटलानं खबर दिली तेव्हा मला वाटलं, अपघात आहे, पंचनामा करू आणि कागद पुढे पाठवू. मी, माझे हवालदार आणि दोन पंच असे तळ्यावर गेलो. खांब काठाला आणवले. मी बाह्या न सरसावताच एकेक खांब उचलून भोकं तपासू लागलो. हवालदार मात्र हात मागे बांधून उभे. ते यावलकडचे, बागायतदाराच्या घरातले. मी म्हटलं, "काय हो, हात लावायला लाज वाटते का?"

"नाही साहेब, आपण बघताच आहात," एवढंच बोलले. मनात म्हटलं, कामचुकार आहे लेकाचा.

भोकं बघितली आणि मी चमकलो. खुंटी मोडून तराफा सुटला असता तर भोकात तुकडा राहिला असता, खांब फाटला असता. इथे भोकं स्वच्छ. दोन खुंट्या काठाजवळच्या चिखलात खुपसलेल्या सापडल्या. म्हणजे तराफा पाण्यात जाण्याआधीच कोणीतरी त्या उपसल्या होत्या. उरलेल्या एका खुंटीवर आणि दोरावर त्यानं दोन खेपा तग धरला, तिसरीला सोडलं. हा अपघात नव्हता.

दुपारी ठाण्यावर एक गृहस्थ आले. निवृत्त कारकून, रोज पहाटे तळ्यात पोहणारे, जळगावात सगळ्यांच्या ओळखीचे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, मी उजाडताना पाण्यात होतो. आबांचा सालदार तराफ्यावर ओणवा होऊन काहीतरी करत होता."

"तोंड पाहिलंत?"

"तोंड कसं दिसणार एवढ्या लांबून? पांढरं धोतर तेवढं दिसलं. पण त्या तराफ्याला दुसरं कोण हात लावतं?"

जबाब घेतला, सही घेतली. आता सगळी बोटं सालदाराकडे होती. तराफा त्यानं बांधलेला, पहाटे तिथे कोणीतरी पाहिलेलं, आणि आदल्या आठवड्यात पाण्याच्या पाळीवरून आबांनी त्याला चारचौघांत झापलेलं. मी त्याला ठाण्यावर आणवलं. ज्यानं दोघांना पाण्यातून काढलं त्यालाच धरता, असं त्याची बायको व्हरांड्यात बसून ज्याला त्याला सांगत होती. मी असले प्रकार पाहिले आहेत. आग लावणाराच पहिली बादली घेऊन धावतो. त्यामुळे मी काही विरघळलो नाही.

सालदार समोर उभा राहिला. अंगावरचे कपडे काळपट डागांनी भरलेले, जणू कोणी काढा शिंपडलाय. मी विचारलं, "खुंट्या का काढल्यास?"

"मी नही काढ्या साहेब. मन्हा हातना तराफा आजपावत कधी सुटना नही. बठ्ठा गावले इचारा."

"पहाटे तळ्यावर गेला होतास?"

"नही. मी गोठामा व्हतू."

"गोठ्यात कोणी पाहिलं?"

"बैलेस्नी," तो म्हणाला. माझी थट्टा करतोय की काय असं वाटलं, पण त्याचा चेहरा रडवेला होता. पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, पाहुणे शुद्धीवर आले का. मला तो प्रश्न आवडत नव्हता. कारण पाहुणे गेले असते तर कलम बदललं असतं आणि हा माणूस फासाच्या वाटेला लागला असता. ते त्यालाही कळत होतं. त्याला कोठडीत ठेवलं आणि मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो तर बायको माझा गणवेशाचा शर्ट घेऊन समोर उभी. बाह्यांवर, छातीवर काळे डाग.

"हे काय करून आणलंत? काल नुसतं पाण्याचं ओलं दिसत होतं म्हणून साबण लावून पिळला. जितका घासावा तितका डाग काळा होतोय."

मी शर्ट तसाच हातात घेऊन ठाण्यावर गेलो. हवालदारांनी पाहिला आणि मिशीत हसले. "केळीचा चीक साहेब. अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा. वाळला की रंग धरतो, आणि एकदा धरला की मेल्याशिवाय सुटत नाही. आमच्याकडे केळीत जायचे कपडे निराळेच असतात."

"मग काल बोलला का नाहीत?"

"आपण लाज काढलीत ना साहेब. मग म्हटलं राहू द्या."

त्यांना रागवावं की पाठ थोपटावी हे मला कळेना. पण डोक्यात चक्र सुरू झालं. कारकुनांनी पांढरं धोतर पाहिलं होतं. केळीत जन्म गेलेला माणूस पांढरं धोतर नेसून खांबांशी झोंबायला जाणार नाही. सालदार नाही, आबा नाहीत, रावेरचे धाकटे जावईही नाहीत. पहाटे पांढऱ्या धोतरात तिथे गेला तो केळीतला नव्हता. त्या घरात असा माणूस एकच होता.

मी सगळे जबाब पुन्हा काढून वाचले. एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली होती आणि मी ती ओलांडून गेलो होतो. अक्का तराफ्यावर चढल्या तेव्हा थोरले जावई काठावरून ओरडले होते, "उतर खाले." अक्का तिथूनच म्हणाल्या होत्या, "आता एवढं बी सहन व्हत नही का तुमले?" आणि उतरल्या नव्हत्या. पुढे प्रत्येकानं एकच पुस्ती जोडलेली, 'त्यांचा स्वभावच तसा आहे.' थोरले जावई धाकट्यांना पाण्यात पाहतात हे पोरासोरांनाही माहीत होतं. त्यामुळे बायकोला खाली बोलावलं यात कोणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. जळणारा माणूस जळतो, त्याचं काय लिहायचं?

पण तराफा फुटणार हे ज्याला ठाऊक आहे तोही हेच ओरडेल.

मी हवालदारांना घेऊन आबांच्या घरी गेलो. ओट्यावर थोरले जावई बसले होते. चाळिशीकडे झुकलेला, नीटनेटका, गंभीर माणूस. मी आबांना म्हटलं, "धोंड्याला दिलेली दोन्ही धोतरं बघायची आहेत."

धाकट्यांचं धोतर सासूबाईंनी आतून आणलं. तळ्यावर जाताना त्यांनी ते काढून घडी करून ठेवलं होतं, बगळ्यासारखं पांढरं. थोरल्यांचं मिळेना. ते म्हणाले, "गावी पाठवलं."

"कोणाबरोबर?"

त्यांची नजर अंगणाकडे गेली. अंगणात त्यांचीच दमणी सोडलेली होती. हवालदार न सांगता तिकडे गेले आणि तिच्यातल्या सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. धोतर बाहेर आलं. ओचा आणि पुढचा सोगा काळाकुट्ट झालेला. थोरल्यांनीही साबण लावला होता, माझ्या बायकोसारखाच.

आबांनी धोतराकडे पाहिलं, मग जावयाकडे. भिंतीला हात धरून आत गेले.

ठाण्यावर मी थोरल्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. आयुष्यभर मनात कुढणाऱ्याला दरडावलं तर तो आणखी मिटतो. त्याच्याशी त्याच्या अपमानाबद्दल बोलावं. मी एवढंच म्हटलं, "धाकट्यांचा फारच मान होतो म्हणे त्या घरात."

बांध फुटला. सगळं बाहेर आलं.

"साहेब, कितीतरी वर्षं मी त्या घरचा एकटा जावई होतो. आबा माल विकण्याआधी माझा सल्ला घ्यायचे. पहिला पाट माझा. मग हा आला. सासूबाई याच्याशी चुलीपाशी बसून गप्पा मारतात. आबा याच्या प्रत्येक शब्दाला हसतात. परवा धोंड्याला दोघांना फेटे आणले. मला हातात दिला. मी माझा मी बांधला. आणि याच्या डोक्याला आबांनी स्वतः उठून बांधला. सगळ्या भावकीसमोर."

"म्हणून जीव घ्यायला निघालात?"

"जीव नाही साहेब, देवाशपथ. मला वाटलं मधे जाऊन सुटेल, हा भिजेल, गटांगळ्या खाईल. पट्टीचा पोहणारा, येईल बाहेर. एकदा बायकांसमोर फजिती व्हावी एवढंच. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं. खाली एवढा गाळ असतो हे मला काय माहीत? पहिल्या खेपेला सुटला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. मी म्हटलं, जाऊ दे, याचं नशीबच चांगलं. तेवढ्यात ही चढली."

"मग खरं का सांगितलं नाहीत? 'तराफा सैल आहे' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं."

"ती हसत होती साहेब. तराफ्यावर बसून अशी हसत होती. माझ्या घरी मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नाही. मी 'उतर' म्हटलं, आणि ती मलाच सगळ्यांसमोर बोलली. मग माझ्या तोंडून शब्द निघेना."

हे ऐकताना मला त्या माणसाची चीडही आली आणि कीवही. बायको बुडणाऱ्या तराफ्यावर बसलेली, आणि हा तिच्या हसण्याचा हिशेब करत उभा.

सालदाराला त्याच दुपारी सोडलं. आबा स्वतः न्यायला आले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आबा, धाकट्यांचाच फेटा तुम्ही का बांधलात?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "धाकटे अजून पाहुणे आहेत साहेब. पाहुण्याचा मान करावा लागतो. थोरले घरचे झाले. घरच्या पोराला कोणी फेटा बांधून देतं का?"

मी ते उत्तर थोरल्यांपर्यंत नेलं. ते म्हणाले, "आता तसंच म्हणतील."

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. धाकट्यांचा धोका टळला होता आणि अक्का शुद्धीवर आल्या होत्या. तिथे पहाऱ्याला ठेवलेला माझा शिपाई धावत ठाण्यावर आला आणि सगळं सांगून गेला. नवऱ्यानं कबुली दिल्याचं अक्कांच्या कानावर अजून कोणी घातलं नव्हतं.

सकाळी आरोपीला कोर्टात न्यायचं होतं. बेड्या घालताना थोरल्यांनी मला बाजूला बोलावलं. वाटलं, वकिलाचं विचारतील, जामिनाचं विचारतील. धाकटे जगले हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं, त्यावर 'बरं झालं' एवढंच म्हणाले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एक खरं सांगा. ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिली चौकशी कोणाची केली?"

मी शिपायाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "तूच सांग."

शिपाई म्हणाला, "बाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याचंच विचारलं, 'आमना मालक कोठे शेतस? जेवनात का नही?'"

थोरल्यांनी शिपायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि थोडंसं हसले.

"तुम्ही भले माणूस आहात साहेब," ते म्हणाले. "माझं मन राखायला सांगताय. तिनं त्याचंच नाव घेतलं असणार."

मी शपथ घेतली. शिपायानं पोराबाळांची शपथ घेतली. काही उपयोग झाला नाही. कोर्टाच्या रस्त्यावर त्यांनी हवालदारांनाही तेच विचारलं, आणि त्यांनी तेच उत्तर दिल्यावर म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं आधीच ठरलेलं दिसतं."

खटला चालला, शिक्षा झाली, फार मोठी नाही. अक्का दर भेटीला धरणगावहून भाकरी बांधून तुरुंगावर जात. आबांच्या केळीतला सालदार पुढे कितीतरी वर्षं तराफे बांधत राहिला, आणि जावई लोकांना बसवण्याआधी स्वतः एक फेरी मारून येऊ लागला.

या केसनं मला काय शिकवलं असं विचाराल तर दोन गोष्टी. एक, परमुलखात नोकरीला गेलं की तिथल्या हवालदाराचे हात का मागे बांधलेत हे आधी विचारावं. दुसरी जरा जड आहे. चोराकडून चोरी कबूल करून घेता येते, खुन्याकडून खून. मी त्या माणसाकडून गुन्हा अर्ध्या तासात कबूल करून घेतला. पण त्याच्या बायकोचं त्याच्यावर प्रेम आहे, ही एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घेणं मला जमलं नाही. तो शिक्षा भोगून सुटला त्या दिवशी अक्का तुरुंगाच्या दारात दमणी घेऊन उभ्या होत्या. मी योगायोगानं तिथे होतो. तो बाहेर आला, दमणीत बसला, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, त्यानं तिला पहिलं विचारलं, "धाकटे कसे आहेत? तू गेली होतीस का रावेरला?"